मामाची नजर

माझा नवरा मिदहत जळकुकडा आहे. हे मी त्याच्या माघारी सांगत नाही. त्याच्या तोंडावर सांगते, त्याच्या बहिणीसमोर सांगते, आणि त्याच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी सांगते. लग्न नवीन असताना एकदा मी कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याचं कौतुक केलं, की काय सुरेख मासा साफ करतो! झालं. त्या शुक्रवारी मिदहतने घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली, बाजारातून मोठाले मासे आणले आणि ओट्यापाशी ठाण मांडलं. थोड्याच वेळात बोट कापलं. पट्टी बांधून घेताना मला म्हणाला, "त्याची सुरी चांगली आहे, इजलाल. हात काही एवढा चांगला नाही."

पण माणूस वाईट नाही. अलेक्झांड्रियात, इब्राहिमियातल्या आमच्या गल्लीत त्याला मान आहे. निदान होता. चष्म्याच्या काचा घासणं हा पोटापाण्याचा उद्योग, पण त्याचा जीव अडकलेला असायचा तो खेळांच्या कॉम्प्युटरमध्ये. कुणाच्या घरी मुलाला तसला कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की आधी मिदहतला चहाला बोलावणं यायचं. खिशात सायकलचे पैसे आणि डोळ्यांपुढे मोटार, अशी सगळी गिऱ्हाइकं. तो मुलाला विचारायचा, "कुठला खेळ खेळणार?" बापाला विचारायचा, "किती देणार?" आणि आईला विचारायचा, "खरंच किती देणार?" मग एकेक भाग स्वतः हिंडून निवडायचा. प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या. जुनं कार्ड हातात आलं की डोळे मिटून वास घ्यायचा. जळका वास येत असेल तर ठेवून द्यायचा, आणि सुवासिक साबणाचा येत असेल तर दुकानदारावर खेकसायचा, की धुऊन विकतोस होय, चोरा! त्याचा मोठा नियम एकच. पैसे कितीही तुटपुंजे असोत, पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, नवा आणि चांगला पाहिजे. "पोट धड तर सगळं धड," म्हणायचा. बाकी दिवे, रंगीत पंखे, काचेच्या बाजूचं कॅबिनेट, हे त्याच्या मते लग्नातल्या नटव्या करवल्या.

या सगळ्याचं त्याने कुणाकडून काही घेतलं नाही. फक्त एक वाक्य त्याला ऐकायला हवं असायचं. "मिदहतने निवडलंय." ते ऐकलं की स्वारी चार दिवस खूश.

आम्हाला मूल नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही. त्याच्या बहिणीचा मुलगा रामी आमच्याच बिल्डिंगीत पाचव्या मजल्यावर वाढला, आम्ही तिसऱ्यावर. चालायला लागला तो जिना उतरायलाच. शाळेत जायला लागल्यापासून दर शुक्रवारी नमाज झाला की मामाचं बोट धरून जुन्या बाजारात. मामा कार्डाचा वास घ्यायचा, मग भाच्याच्या नाकापाशी धरायचा. "कसलाय?" "जळका, मामा." "शाब्बास." घरी आले की दोघांच्याही नाकाला काजळी.

रामीची आई अवातिफ, म्हणजे माझी नणंद. मिदहतपेक्षा मोठी. नवरा कुवेतला, त्यामुळे घराची सगळी सूत्रं तिच्याच हाती. हात सढळ, जीभ त्याहून सढळ, आणि दृष्ट लागण्यावर भारी विश्वास. रामी सात दिवसांचा झाला तेव्हा चार बायकांसारखं तिनेही वाईट डोळ्यासाठी मीठ उधळलं. पण इतकं, की त्या घरात पुढे कितीतरी दिवस चपलांखाली चुरचुरत होतं. त्याच्या नव्या बुटांवर मीठ, दप्तरावर मीठ, आजारातून उठला की पलंगाखाली मीठ. मी एकदा म्हटलं, "ताई, खारवून ठेवताय की काय पोराला?" तेव्हापासून माझ्यावर थोडा राग आहे.

तर रामी सानवियाची, म्हणजे शाळेतली शेवटची, परीक्षा पास झाला. ज्या परीक्षेपायी घरोघरी वर्षभर टीव्ही बंद असतो, ती. बापाने कुवेतहून शाबासकी म्हणून पैसे पाठवले आणि सांगितलं, यात बसेल तो कॉम्प्युटर घे, वर एक पैसा मिळणार नाही. मिदहतला तर पंखच फुटले. मुलीचं लग्न ठरल्यासारखा कामाला लागला. रोज दुकान बंद केलं की रम्ल स्टेशनजवळच्या दुकानांची फेरी. इथे प्रोसेसर बघ, तिथे रॅमचा भाव काढ. डॉलर रोज उड्या मारत होता. दुकानदार सांगायचे, "आत्ताचा भाव आहे, मिदहत, चहा पिऊन आलास तर वेगळा असेल." पण तो काही घेईना. "थांब रामी, भाव उतरतील. घाई करणारा फसतो." रामी थांबला. महिना थांबला, दोन महिने थांबला.

एक गोष्ट मात्र मिदहतने घेतली, ती स्वतःच्या खिशातून. नवा कोरा, सीलबंद पॉवर सप्लाय. माझ्या लग्नातल्या काचेच्या कपाटावर, जिथे मी बशीसुद्धा ठेवू देत नाही, तिथे तो खोका विराजमान झाला. "रामीला सांगू नकोस हं," म्हणाला. "सगळे भाग ठरले की शेवटी हे त्याच्या हातात ठेवीन. मामाकडून." आणि जाता-येता त्या खोक्यावरची धूळ पुसायचा. माझ्या कपाटावरची धूळ त्याने जन्मात पुसली नव्हती.

मग तो गुरुवार आला. आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. बिल्डिंगीच्या दारात टॅक्सी उभी, आणि टॅक्सीतून रामी उतरतोय. हातात हे एवढं काचेच्या बाजूचं कॅबिनेट. त्याच्या मागून खोकी सांभाळत बहा.

बहा म्हणजे पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू. तरुण पोरगा, मोबाइलच्या दुकानात कामाला. वर्षभरापूर्वी राहायला आला आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हळूहळू गल्लीतली पोरं आपलं कॉम्प्युटरचं काहीबाही त्याला विचारायला लागली होती. मिदहतला हे ठाऊक होतं. तो त्याला 'तो मोबाइलवाला' म्हणायचा, नाव घ्यायचा नाही.

"मामा!" रामीचा चेहरा उतरला. "तुला सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?"

"हेच. बहाने सगळं एका दुपारी जमवून दिलं. प्रोसेसर जुन्या ऑफिसच्या मशीनमधला, म्हणून स्वस्तात पडला. मग उरलेले सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घातले."

बहा बिचारा पुढे झाला. "उस्ताद, बरं झालं भेटलात. जोडण्याआधी तुम्ही एकदा नजर टाका ना."

"आता कसली नजर टाकू?" मिदहत म्हणाला. "लग्न लावून वरात घरी आली, आणि आता मला मुलगी दाखवताय?"

"मामा, दोन महिने थांबलो ना मी," रामी हळूच म्हणाला. "तू म्हणालास भाव उतरतील. उतरले का?"

मिदहतने माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि जिना चढायला लागला. दोन्ही पिशव्या त्याच्याच हातात, तरी एकेका पायरीवर माझ्यापेक्षा पुढे.

घरी आल्यावर कपाटासमोरच्या खुर्चीत बसला. चहा गार झाला. मी वाट बघत होते की हा आता बहाला शिव्या घालील, कार्ड खराब निघेल म्हणेल. तो एकदम म्हणाला, "मला त्या पोराचा हेवा वाटतो, इजलाल. पोटात आग पडल्यासारखं होतंय. रामीचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी त्याला कार्डाचा वास घ्यायला शिकवला, आणि निवडून दिलं त्याने."

"मग जा, सांग रामीला."

"काय सांगू? माझ्याऐवजी दुसरा मामा शोधू नकोस, असं?" आणि डोळे पुसायच्या निमित्ताने चष्मा पुसत बसला.

मला बहाचा राग आला नाही, रामीचा आला. आणि खरं सांगायचं तर थोडा मिदहतचाही. माझ्यासाठी हा माणूस इतका कधी जळला नव्हता. मासळीवाल्याच्या वेळी बोट कापलं होतं तेवढंच.

दोन-तीन दिवसांनी अवातिफताईने सगळ्यांना बोलावलं. रव्याचा गोड बसबूसा केला होता, चहा होता, शेजारणी होत्या, बहा कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेला. बाल्कनीच्या दाराशी टेबल मांडून त्यावर ती मशीन. काचेतून आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. रामीने फुटबॉलचा खेळ लावला. मला त्यातलं कळत नाही, पण गवताची पाती हलताना दिसत होती. शेजारणी एकीपाठोपाठ एक म्हणाल्या, "माशाअल्लाह, माशाअल्लाह!" कुणाचीही चांगली वस्तू बघितली की हे म्हणायचं असतं, म्हणजे आपली दृष्ट लागत नाही. न म्हणता नुसतं बघत राहणं म्हणजे समोरच्याच्या ताटात बोट घालण्यासारखंच.

मिदहत काही म्हणाला नाही. मशीनभोवती फिरला. वाकून पंख्यांकडे बघितलं. कॅबिनेटच्या वरच्या जाळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "पॉवर सप्लाय?"

"जुनाच आहे, उस्ताद," बहा म्हणाला. "पण चांगल्या मशीनमधून काढलेला. मी तीन दिवस चालवून बघितला माझ्याकडे."

"जुना पॉवर सप्लाय." मिदहत एवढंच म्हणाला आणि रामीकडे बघितलं. रामीने पडद्याकडे बघितलं.

"काय रे मिदहत," अवातिफताई बशी पुढे करत म्हणाली, "कसं आहे, सांगितलं नाहीस?"

"छान आहे. टिकलं म्हणजे झालं."

ताईचा चेहरा घट्ट झाला. "अरे, लोक म्हणतात ते म्हण ना."

"म्हटलं मनात."

"मनातलं कोण ऐकतं?"

"ज्याने ऐकायचं तो मनातलंच ऐकतो, ताई."

उत्तर चांगलं होतं, दुसऱ्या कुठल्याही वेळी मी हसले असते. पण ताई हसली नाही. मी मिदहतला कोपर मारलं. त्याने बसबूसा संपवला, 'हातांना बरकत असो' म्हणाला आणि उठला. रामी शेजारणींना आणि बहाला पोचवायला खाली उतरला, त्यांच्यामागून आम्ही बाहेर पडलो, मागे दार लागलं, आणि आतून रवा सांडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, गडबडीत ताईच्या हातून बरणी निसटली. म्हटलं बरं झालं.

पुढे नोव्हेंबरातलं ते वादळ आलं, ज्याला आम्ही केरसुणी म्हणतो, कारण ते रस्ते झाडून नेतं. समुद्र आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. वादळात घराच्या भिंतींना घाम फुटतो, कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत मिठाचा दगड होतो. वादळ गेलं आणि रामीची मशीन बंद पडली. बटण दाबलं की पंखे एक गिरकी घ्यायचे आणि मरायचे.

बातमी पाचव्या मजल्यावरून खाली यायला वेळ लागला नाही. भाकरीच्या रांगेत वॉचमनची बायको माझ्यामागे उभी होती. मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात दुसरीला म्हणाली, "मामाने बघितलं आणि माशाअल्लाह म्हटलं नाही म्हणे. आणि त्याचा तर डोळ्यांचाच धंदा."

मी वळले. "अगं ए, माझ्या नवऱ्याच्या नजरेत एवढी ताकद असती ना, तर तुझी जीभ केव्हाच गळून पडली असती."

रांग हसली. पण भाकऱ्या घेऊन घरी येताना मला रडू आलं. दुकानातही दोन गिऱ्हाइकं परत गेली होती, असं मला मागाहून कळलं. एका बाईने तर बाळाला घेऊन येताना मिदहतला बघून बाळाच्या तोंडावर ओढणी टाकली. मिदहत म्हणाला, "ऊन लागत असेल." दुकानात कसलं ऊन!

शुक्रवारी दुपारी रामी खाली आला. दारातच उभा राहिला. "मामा, बहाला कळत नाहीये काय झालं ते. तू येतोस?"

मिदहतने वर्तमानपत्राची घडी घातली. "येतो. तू हो पुढे."

रामी गेला आणि हा माणूस उठला तो थेट आरशासमोर. दाढी केली. कोलोन लावलं. ईदचा स्वेटर घातला. मग खुर्चीवर चढून कपाटावरचा तो खोका खाली घेतला आणि फुंकर मारली. "मी म्हटलं होतं की नाही? जुना पॉवर सप्लाय. जीव सोडला त्याने. आता बघ, हा लावतो, आणि सगळ्यांसमोर चालू करून दाखवतो. त्या मोबाइलवाल्यासमोर."

"आणि मग?"

"मग काय? मग रामीला कळेल."

जिन्यावर गुणगुणत होता. नवऱ्याच्या आनंदाची मला अशी भीती कधी वाटली नव्हती.

वर बहा होता, रामी होता, ताई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. मिदहतने बाह्या सरसावल्या, काच उतरवली, जुन्या पॉवर सप्लायच्या तारा सोडवल्या, आपला नवा जोडला. आमच्याकडे एकवार बघितलं. बटण दाबलं. पंख्यांनी गिरकी घेतली आणि मेले.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मग त्याने जुना पॉवर सप्लाय घेतला, दुसऱ्या तारेने तपासला, मीटर लावून बघितला. बराच वेळ बघितला. आकडा बरोबर होता, अगदी बरोबर. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. बहा चटकन म्हणाला, "मीही एकदा असाच फसलो होतो, उस्ताद, होतं असं." ते मिदहतला आणखीच झोंबलं असणार. वाईट पोरगा असता तर किती सोपं झालं असतं!

त्याने ग्राफिक्स कार्ड काढलं. सवयीने वास घेतला. थांबला. मोबाइलचा दिवा लावून खाचेत बघितलं. तिथे पांढरं काही साचलं होतं, कडेला हिरवट झालेलं. मदरबोर्डवर, खालच्या कोपऱ्यात, जाळीच्या बरोबर खाली, पांढऱ्या खड्यांची एक ओळ. त्याने एक खडा बोटाच्या टोकावर उचलला. जिभेवर ठेवला.

ताई दारापाशी उभी होती, ती हळूच सरळ झाली. तिने तोंडावर हात नेला, पण उशीर झाला होता, मी तिचा चेहरा पाहिला. आणि मला तो आवाज आठवला. रवा नव्हता तो. आम्ही जिना उतरायचीही तिने वाट बघितली नव्हती.

मिदहतने मान वर केली आणि बहिणीकडे बघितलं. मी त्याच्यासोबत सासू-सासऱ्यांची मयत पाहिली आहे, कर्जाचे दिवस पाहिले आहेत. असा चेहरा नव्हता पाहिला. परक्या बाईने बाळाच्या तोंडावर ओढणी टाकली तर ऊन म्हणता येतं. सख्ख्या बहिणीने मागे मीठ फेकलं, त्याला काय म्हणायचं? त्याच बहिणीने ताप आला की रात्रभर याच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या म्हणे, लहानपणी.

माझी जीभ सळसळत होती. बोलून टाकावं, सगळ्यांसमोर. नजर कुणाची आणि करणी कुणाची, ते एकदाचं कळू दे त्या भाकरीच्या रांगेला.

"काय आहे, मामा?" रामीने विचारलं.

मिदहतने बोट स्वेटरला पुसलं. "खारी हवा," तो म्हणाला.

"हवा?"

"समुद्र दोन गल्ल्यांवर आहे, आणि तुम्ही मशीन बाल्कनीच्या दाराशी ठेवलीत. वादळात ओल आली, मीठ साचलं. कुणाचा दोष नाही. टेबल आतल्या भिंतीला लावा."

बहाने वाकून बघितलं. तो आंधळा नव्हता. समुद्राची हवा काही जाड्या मिठाचे खडे करून आणत नाही. त्याने त्या खड्यांकडे बघितलं, मिदहतकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो उस्ताद. खारी हवाच. माझ्या डोक्यात कसं आलं नाही!"

"मी... मी चहा टाकते," ताई म्हणाली. आवाज कुठून तरी खोलातून आला. "मिदहत, घेणार ना?"

"घेईन," मिदहत कार्डाकडे बघत म्हणाला. "साखरच घाल, ताई."

ती आत गेली. कपबश्या फार वाजत होत्या.

मग त्याने आणि बहाने मिळून काम केलं. दातांचा ब्रश, स्पिरिट, ताईचा केस वाळवायचा पंखा. एक धरायचा, एक घासायचा. हळूहळू बोलायलाही लागले. अमुक खाच बघा, तमुक स्क्रू द्या. रामी मधे-मधे नाक घालत होता. मिदहतने कार्ड त्याच्या नाकाशी धरलं. "कसलाय?" "स्पिरिटचा, मामा." "शाब्बास." नवा पॉवर सप्लाय बाजूला ठेवून मिदहतने जुनाच परत जोडला. बटण रामीला दाबायला लावलं. पंखे फिरले आणि फिरतच राहिले. काचेच्या आत निळे-जांभळे दिवे लागले.

ताई ट्रे घेऊन दारात. आम्ही सगळे नकळत मिदहतकडे बघायला लागलो. त्यालाही ते कळलं. त्याने घसा साफ केला.

"माशाअल्लाह," तो म्हणाला. दाढ उपटताना येतो तसला आवाज. मग बहाकडे न बघता, "पॉवर सप्लाय चांगला निवडलास, बहा."

नाव घेतलं. पहिल्यांदा. माझ्या नवऱ्याने दुसऱ्याने निवडलेल्या वस्तूला चांगलं म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि हे बोलायला त्याला काय लागलं ते मला एकटीला माहीत आहे. ताईच्या हातातला ट्रे मी घेतला, नाहीतर पडला असता.

खाली येताना तो खोका त्याच्या काखेत तसाच होता. तिसऱ्या मजल्यावर किल्ली शोधत म्हणाला, "तरी प्रोसेसर मी दुसरा घेतला असता." मी म्हटलं, "जळत राहा." तो हसला नाही. खोका पुन्हा माझ्या कपाटावर गेला.

"तू बोलायला हवं होतंस," मी म्हटलं. "लोक तुला बघून पोरांच्या तोंडावर ओढण्या टाकतायत."

"माझ्या पोटात होतंच ना ते?" तो म्हणाला. "ती घाबरली, तर उगाच नाही घाबरली." आणि विषय बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामी मोठं ताट घेऊन आला. वर फडकं. "आईने सय्यादिया पाठवलाय. मामाला आवडतो म्हणून." तपकिरी भात, वर खरपूस मासे, तळलेला कांदा. ताईच्या हातचा सय्यादिया म्हणजे गल्लीत नाव आहे. मी आम्हा दोघांना वाढलं, रामी तिथेच खुर्चीवर बसला.

पहिला घास घेतला आणि मी थांबले. भातात मीठ नव्हतं. माशाला नव्हतं, कांद्यालाही नव्हतं. कणभरसुद्धा नाही. इतकी वर्षं रांधणारी बाई, ती मीठ विसरली, की तिचा हात बरणीपर्यंत गेलाच नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी मिठाची बरणी आणायला उठले.

"बस," मिदहत म्हणाला.

"अरे, अळणी आहे सगळं."

"बस म्हटलं ना."

तो खात राहिला. घास मोठे, चेहरा साधा. रामी म्हणाला, "आईने विचारून यायला सांगितलंय, कसा झालाय?"

मिदहतने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"सांग तिला, मीठ अगदी बरोबर आहे," तो म्हणाला, आणि भात परत वाढून घेतला.